लोंबेल तो गाईल

दाउइन गावच्या किनाऱ्यावरून पाहुण्यांना समुद्राखाली न्यायला पुष्कळ होड्या सुटतात, पण पिलोच्या होडीवर एक कायदा होता आणि तो त्याने स्वतःच केला होता. पाण्याखाली ज्याच्या अंगावरून काहीही लोंबेल, त्याने परतीच्या वाटेवर सगळ्यांसमोर गाणं म्हणायचं. मग तो टॉर्च असो, कॅमेऱ्याचा पट्टा असो, नाहीतर गेज असो. गेज म्हणजे टाकीत हवा किती उरली ते दाखवणारी, नळीच्या टोकाला असते ती वाटीएवढी तबकडी. तिला आखूड दोरीने एक क्लिप बांधलेली असते. ती क्लिप जाकिटाच्या डाव्या खांद्याखालच्या कडीत अडकवायची, की गेज छातीला बिलगून राहतं. पाहुण्यांना हा सगळा खेळ वाटायचा. पिलोला तो बिलकूल खेळ वाटत नव्हता. तिथली वाळू काळी, पिठासारखी, आणि तिच्यात नखाएवढाले जीव संसार मांडून बसलेले. माणूस वरून ऐटीत तरंगत जातो आणि त्याचं लोंबतं गेज खाली एकेकाचं घर मोडत जातं. “तुमच्या स्वयंपाकघरातून कुणी शेपूट आपटत गेलं तर चालेल का हो?” असं तो प्रत्येक फेरीआधी विचारायचा, आणि विचारताना हसायचा नाही.

त्याच्या स्वतःवर मात्र गाण्याची पाळी कधीच आली नव्हती. होडी हाकणारा इस्को त्याला नोंग, म्हणजे दादा, म्हणायचा; तो तर त्या एका दिवसासाठी जगत होता म्हणा ना.

“नोंग पिलो, एकदा तरी काहीतरी लोंबू द्या की. मरायच्या आधी तुमचं गाणं ऐकायचंय.”

“ते ऐकलंस तर तुझं मरण फार लांब नाही, इस्को.”

यात विनय वगैरे काही नव्हता. पिलोचा आवाज खरोखरच भयंकर होता. चर्चमध्ये सगळे गायला उभे राहिले की त्याची बायको क्रिसांता त्याला कोपराने ढोसून गप्प बसवायची. घरोघरी माइक हातात घेऊन गाणाऱ्या त्या गावात पिलो हा एकटाच माणूस होता, ज्याला कुणी दुसऱ्यांदा आग्रह करत नसे.

रिझालिन त्याची मुलगी. चालायला शिकली तशी पोहायला शिकली, आणि मोठी झाल्यावर त्याच्याच हाताखाली पाहुण्यांना फिरवू लागली. पाण्यातली पहिली खूण बापाने तिला शिकवली ती ‘किती?’ ही. तळहातावर दोन बोटं टेकवायची, म्हणजे समोरच्याने आपलं गेज बघून हवेचा आकडा सांगायचा. एक बोट उभं धरलं की शंभर, मग वरचे दहा-दहा मोजून बोटांनी. “पाण्यात सगळ्याला माफी आहे इंदाय,” पोरीला लाडाने हाक मारत तो म्हणायचा, “चुकीच्या दिशेला जा, घाबर, रड, काय वाटेल ते कर. खोट्या आकड्याला माफी नाही.”

आणि आता तिला शंका यायला लागली होती, की तिचा बाप खोटा आकडा सांगतो.

सुरुवात एका स्पंजापासून झाली. हेंड्रिका नावाची हॉलंडची एक निवृत्त शाळामास्तरीण दरवर्षी महिनाभर दाउइनला येऊन राहायची. तिला पिलोने मोठ्या मायेने सळईच्या टोकाने बेडूकमासा, म्हणजे हुबेहूब स्पंजासारखा दिसणारा, जागचा न हलणारा मासा, दाखवला. हेंड्रिकाने वाळूच्या जरा वर तरंगत त्याचे मन भरेपर्यंत फोटो काढले. वर आल्यावर तिने ते मोठे करून बघितले, तर तो मासा नव्हताच, नुसता पिवळा स्पंज होता. सगळे हसले, पिलोही हसला. रिझालिनला मात्र हसू आलं नाही. बेडूकमाशाला नावानिशी ओळखणारा माणूस तो!

मग तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. तातयच्या, म्हणजे बापाच्या, गेजची दोरी पूर्वी वीतभरही नव्हती, ती आता चांगली हातभर झाली होती. आकडा बघायचा झाला की तो गेज छातीवरून काढून हात लांब करून धरायचा. आणि तो आधी तिला ‘किती?’ विचारायचा, मग स्वतःचं गेज बघितल्यासारखं करायचा आणि तिच्यापेक्षा दहा जास्त सांगायचा. रोज दहाच जास्त. पूर्वी ते खरंही असायचं, कारण पिलो हवा पीत नाही, नुसती हुंगतो, असं सगळे म्हणायचेच. पण रोज? एकही दिवस वीस नाही, पाच नाही?

त्या मंगळवारी तिने जे केलं ते तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. उतारावर मासे वस्तीला यावेत म्हणून कुणी पूर्वी बुडवलेल्या टायरांचा ढीग आहे, तिथून मागे वळायचं असा त्यांचा शिरस्ता. तिथे पिलोने वळून तिला विचारलं, किती? तिच्या गेजवर नव्वद होते. तिने एक बोट उभं धरलं, मग दोन. एकशेवीस.

पिलोने गेज सोडवलं, हात लांब केला, मान तिरकी करून गंभीरपणे बघितलं. आणि मग बोटं दाखवली. एकशेतीस.

 रिझालिन पाय मारत त्याच्याजवळ गेली, त्याच्या हातातलं गेज स्वतःकडे वळवून तिने बघितलं. सत्तर. काटा सत्तरवर होता आणि तिचा बाप तिच्याकडे बघून मजेत भुवया उडवत होता, म्हणजे सगळं ठीक आहे. तिने अंगठा वर करून सगळ्यांना वर न्यायची खूण केली. वर येईपर्यंत तिला एकच दिसत होतं. ही होडी आणि किनाऱ्यावरचं दुकान ज्यांच्या मालकीचं त्या मॅडमना हे कळलं, तर ज्या माणसाने सारं आयुष्य या वाळूवर काढलं त्याला त्या किनाऱ्यावर टाक्या भरायला बसवणार. आणि कळलं नाही, तर एक दिवस तो असाच भुवया उडवत असताना त्याची हवा संपणार.

होडीत चढून सगळ्यांनी टाक्या उतरवल्या, तेवढ्यात हेंड्रिका ओरडली, “पिलो! तुझं गेज!”

तिने कॅमेरा उंच धरला. उतारावरून परत येताना काढलेल्या फोटोत एक झिंगा होता आणि त्याच्या मागून पिलो चालला होता. त्याचं गेज हातभर दोरीला लोंबत वाळूत रेघ ओढत होतं. घाईत परत अडकवायचं राहून गेलं होतं.

इस्कोने सुकाणू सोडलं आणि पातेल्यावर पळी बडवायला सुरुवात केली. “देव आहे! अहो देव आहे! उभे राहा नोंग पिलो, मला बसायला जागा द्या, मी तयार आहे!” हेंड्रिका टाळ्या वाजवत होती. पिलो बाकावर बसून होता, ओल्या हाताने ती दोरी बोटाभोवती गुंडाळत. तो फोटोकडे बघतही नव्हता. वाळूतली ती रेघ त्याला दिसली नसणारच, पण सगळे सांगत होते म्हणजे होतीच. त्याचा चेहरा असा उतरलेला रिझालिनने कधी पाहिला नव्हता. तिच्याने ते बघवेना.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “उतरायच्या आधी त्याचं गेज मी तपासायला घेतलं आणि क्लिप लावायला विसरले. गाणं माझं.”

“तुझं कसं? लोंबलं त्याचं!” इस्को म्हणाला.

“विसरले मी. मग माझंच की.”

आणि कुणी आणखी काही बोलायच्या आत ती गायला लागली. आवाज तिने आईचा घेतला होता, देवाची कृपा. इस्को हिरमुसला होऊन सुकाणूकडे गेला. पिलोने एकदाही मान वर केली नाही.

ऊन उतरल्यावर दुकानामागच्या गोड्या पाण्याच्या हौदापाशी दोघं सामान धुवायला बसली. मुखनळ्या, जाकिटं, पट्टे. नेहमी पिलो यावेळी बडबडत असायचा.

“क्लिप मी विसरले नव्हते,” रिझालिन म्हणाली.

“माहितीये.”

“मग गप्प का बसलास?”

पिलोने जाकीट उलटं करून पाणी निथळू दिलं.

“तू मला पाण्यात खोटं सांगितलंस, तातय. आकडा खोटा सांगितलास.”

“तू पण सांगितलास.”

“मी एकदा! आणि तेही तुला पकडायला.”

“मला खरं वाटलं गं ते,” तो म्हणाला. “टायरांपर्यंत जाऊन एकशेवीस! माझ्या उमेदीच्या दिवसांत माझे राहायचे तेवढे. मी म्हटलं, पोरगी शिकली श्वास घ्यायला. वर येईस्तोवर मी नुसता खूश होतो. तू वर का नेतेयस, तेही माझ्या डोक्यात आलं नाही.”

 रिझालिनने हौदातल्या पाण्यात तोंड घालून धुतलं, म्हणजे ओलं कशाने झालं ते विचारायला नको.

“कधीपासून?”

“फिएस्ताच्या जत्रेआधीपासून.”

“ह्या फिएस्ताच्या?”

पिलो पट्टा घासत राहिला.

“मागच्या?”

“त्याच्या मागच्या,” तो पुटपुटला. “लांबचं सगळं दिसतं गं. आपो बेटावरचे माड मोजून दाखवतो तुला. हातातलंच काही दिसत नाही. वाटलं दोरी थोडी लांब केली की भागेल. मग आणखी थोडी केली.”

“आणि त्या दोरीने कुणाची घरं मोडलीस, ठाऊक आहे?”

“आज कळलं.” त्याने पट्टा हौदात बुडवला. “पण वर बसून मी काय करू, इंदाय? वर मला कोण ओळखतं? खाली सगळे ओळखतात.”

“कोण सगळे? ते बेडूकमासे?”

“हो,” पिलो म्हणाला, आणि ते त्याने इतक्या खरेपणाने म्हटलं की तिला हसूही आलं आणि रडूही.

क्रिसांता रस्त्याच्या कडेला छोटी खानावळ चालवायची. लग्नाआधी ती जाळी विणायची, म्हणून होडीवरच्या सगळ्यांच्या क्लिपांच्या दोऱ्या तिच्याच हातच्या असत. तिची गाठ सुटली असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. बापलेक धुतलेलं सामान घेऊन आली आणि बाकावर बसली तेव्हा ती पातेली झाकत होती. रिझालिनने सगळं सांगून टाकलं. पिलो सुक्या माशाचं शेपूट चघळत खाली बघत राहिला.

“म्हणजे दोरी त्यासाठी हवी होती होय!” क्रिसांता म्हणाली. “मला वाटलं पोट सुटलंय, गेज टोचत असेल. मागितली तशी दिली बांधून. आणि हा मला रोज म्हणतो, औषधावरचं तूच वाच, मला कंटाळा आलाय. मी म्हटलं असेल. लग्नापासून आळशीच आहे.”

“आळशी नाहीये मी.”

“तू गप्प बस. आळशी असतास तर परवडलं असतं.”  मग तिने हात पुसले आणि एक हात पिलोसमोर पसरला. “आण ते गेज इकडे.”

तिने सुरीने ती लांब दोरी कापली आणि नवी बांधायला घेतली, पूर्वीएवढी, वीतभराच्या आत. गाठ मारताना ती नाकावरच्या चष्म्यातून बघत होती. जवळचं दिसायला बाजारात ढिगाने मिळतो तसला, स्वस्तातला प्लॅस्टिकचा चष्मा. गाठ पक्की झाली तशी तिने तो काढला, क्षणभर त्याच्याकडे बघितलं, आणि काड्या मोडल्या.

“नानय! अगं काय करतेस?”

“तुझ्या बापाचा मास्क आण. आणि हौदाची फट बुजवायला आणलेला तो पारदर्शक डिंक.”

तिने भिंगं काढली, पत्र्याच्या कात्रीने त्यांचे खालचे अर्धे भाग कापले, कडा घासून गुळगुळीत केल्या. मास्कच्या काचेला आतून, अगदी तळाशी, डिंकाने ते दोन तुकडे बसवले. समोर बघितलं तर समुद्र, खाली नजर टाकली तर हातातलं गेज. आता तिला स्वतःलाच नीट दिसत नव्हतं, म्हणून रिझालिन बोट धरून जागा दाखवत होती. पिलो चघळायचं विसरला होता.

“तुला लागेल ना चष्मा,” तो म्हणाला.

“उद्या बुधवारच्या बाजारात दुसरा मिळेल. तू कुठल्या बाजारात मिळतोस?” क्रिसांता फणकारली, आणि मास्क खिडकीत ठेवून आली. “दोन दिवस हात लावायचा नाही. डिंक ओला आहे.”

सकाळी इस्को होडी पाण्यात ढकलत होता तेव्हा पिलो दुकानातून बाहेर आला. मॅडमशी तो एकटाच बोलून आला होता, रिझालिनला त्याने दाराबाहेर उभं केलं होतं.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, दोन वर्षं लपवलंस, तुझा कान पिळायला हवा. डोळे तपासून ये, तोवर पुढे रिझालिन. तू मागून जायचंस, तिच्या नजरेत.” त्याने होडीला खांदा लावला. “डोळे बरे झाले तरी पुढे रिझालिनच, असं मीच म्हणालो.”

तिला काही बोलायला त्याने वेळच दिला नाही. होडी निघाली, किनारा जरा मागे पडला, तसा तो बांबूला धरून उभा राहिला.

“कालचं गाणं माझं होतं,” तो मोठ्याने म्हणाला. “पोरीने माझं गेज तपासायला घेतलंच नव्हतं, विसरणार कुठून? लोंबलं ते माझं. मला जवळचं दिसत नाही, आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. हेंड्रिका, तुमचा तो स्पंज, तोही त्यातलाच.”

आणि तो गायला. काय सांगावं! सूर एका बाजूला, शब्द दुसऱ्या बाजूला, आणि पिलो दोघांच्या मधे उभा राहून दोघांना हाका मारतोय. हेंड्रिकाने ओठ दाबून धरले होते, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. इस्को पहिल्या ओळीला हसला, दुसऱ्या ओळीला सुकाणूवर डोकं ठेवून हसला. तिसऱ्या ओळीला मात्र त्याने आपला आवाज मिसळला, म्हाताऱ्याला एकटं सोडवेना म्हणून. मग रिझालिननेही. शेवटपर्यंत पोचले एकदाचे.

“आता मरायला हरकत नाही,” इस्को नाक पुसत म्हणाला.

नांगर पडला. पिलोने आपल्या जाकिटावरून एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. पुढे चालणाऱ्याचं सामान ते, मागून जाणाऱ्याने ते बाळगायचं नसतं. रिझालिन समोर उभी राहिली. सळई तिच्या उजव्या कमरेला, टोक वर करून. टॉर्च उजव्या खांद्याच्या कडीत, रबराच्या फाशाखाली. दोऱ्याची फिरकी आणि वर येताना सोडायचा लाल फुगा मागच्या कडीत, गुंडाळी घट्ट करून. त्याला क्लिपा दिसत नव्हत्या, पण बोटांना सगळ्या पाठ होत्या. एकेक क्लिप ‘टक्’ करून बसली की तो ओढून बघायचा. शाळेच्या मिरवणुकीच्या दिवशी तिची रिबीन तो असाच ओढून बघायचा, सुटते का म्हणून, आणि ती ओरडायची, दुखतंय ना! आज ती ओरडली नाही.

“हलून दाखव,” तो म्हणाला.

तिने उडी मारून दाखवली. काही लोंबलं नाही.

“जा,” पिलो म्हणाला. मग डिंकाचा मास्क अजून वाळत होता म्हणून नाकाला जुना लावून त्याने तोंड दुसरीकडे वळवलं.

खाली पाणी स्वच्छ होतं. पुढे रिझालिन, मागे कॅमेरा सांभाळत हेंड्रिका, आणि सगळ्यात शेवटी, वाळूपासून नीट अंतर राखून, हात पोटाशी धरून पिलो. तिने सावकाश नेलं. एका दगडामागे तिला बेडूकमासा दिसला, खराखुरा, काकडीच्या बीएवढा. तिने हेंड्रिकाला दाखवला, मग बापाला पुढे बोलावलं. त्याला तो दिसणार नव्हता हे दोघांनाही माहीत होतं. तरी तो वाकला, त्या जागेकडे बघत राहिला, आणि ओळखीच्या माणसाला करावी तशी त्याने मान हलवली.

टायरांच्या ढिगापाशी ती वळली. बापासमोर येऊन तिने तळहातावर दोन बोटं टेकवली. किती?

पिलोने डाव्या खांद्याखाली हात नेला. क्लिप सोडवली. वीतभर दोरी, गेज अगदी डोळ्यांसमोर. त्याने त्याकडे बघितलंच नाही. हात लांब केला तो तिच्याकडे, आणि गेज तिच्या हातात दिलं.

तिने वाचलं. एक बोट उभं धरलं, मग आणखी एक. एकशेदहा. त्याने मान डोलावली. मग त्याने आपल्या तळहातावर दोन बोटं टेकवली. तुझे?

रिझालिनने आपलं गेज बघितलं. तिलाच खरं वाटेना, म्हणून तिने ते पुन्हा बघितलं. मग एक बोट धरलं आणि त्यानंतर दोन.

पिलो त्या बोटांकडे कितीतरी वेळ बघत राहिला. गेज तिच्या छातीशी होतं, हातभरसुद्धा लांब नव्हतं, तो ते वाचू शकत नव्हता. त्याने प्रश्नार्थक भुवया वर केल्या. रिझालिनने शपथ घ्यावी तसा छातीवर हात ठेवला.

तो इतका हसला की त्याच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. नाकाने फुंकून ते बाहेर काढत त्याने आपलं गेज चाचपडत कडीत अडकवलं, ओढून बघितलं, आणि तिच्या मागून निघाला. या वेळी एकशेवीस खरे होते.